लिअरी कॉन्स्टंटाईन : वेस्ट इंडीजचा पहिला अष्टपैलू

कव्हरपॉइंट

वेस्ट इंडीजचे अष्टपैलू म्हटलं की गप्पा सोबर्सपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. म्हणून सोबर्सच्या आधीच्या माणसावर हा धागा काढतो आहे.

जून १९२८, लॉर्ड्स. मिडलसेक्स या इंग्लिश काउंटी संघाने ६ बाद ३५२ वर डाव सोडला होता आणि वेस्ट इंडीजची अवस्था ५ बाद ७९. पुढचा फलंदाज आत आला, त्याला खरं तर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, स्नायू दुखावला होता. पण दौऱ्याच्या तिजोरीत खडखडाट होता आणि हा खेळणार म्हटल्यावरच लोक तिकीट काढत. म्हणून तो उतरला. पहिलं अर्धशतक १८ मिनिटांत, एकूण ८६ धावा तासाभराच्या आत. मग मिडलसेक्सच्या दुसऱ्या डावात त्याने ५७ धावांत ७ बळी घेतले. त्यातल्या शेवटच्या टप्प्यात तर फक्त ११ धावांत ६. मिडलसेक्स १३६ मध्ये गुंडाळलं गेलं.

जिंकायला २५९ हव्या होत्या आणि पुन्हा तेच, ५ बाद १२१. पुन्हा हाच आत आला. १०३ धावा, एका तासात. त्याचा एक सरळ फटका जॅक हर्नने हाताने अडवायचा प्रयत्न केला. चेंडू बोट मोडून तसाच पॅव्हेलियनच्या कठड्यापर्यंत गेला आणि हर्नचा तो हंगामच संपला. वेस्ट इंडीज तीन गडी राखून जिंकलं.

हा लिअरी निकोलस कॉन्स्टंटाईन. जन्म २१ सप्टेंबर १९०१, त्रिनिदादमधल्या डिएगो मार्टिनजवळच्या पेटिट व्हॅलीचा. वडील लेब्रन कोकोच्या मळ्यावर मुकादम. आईचे आईवडील गुलामीत जन्मलेले. वडील स्वतः मोठे खेळाडू होते. १९०० साली लॉर्ड्सवर एमसीसी या क्लबविरुद्ध त्यांनी ११३ केल्या, वेस्ट इंडीजच्या खेळाडूने इंग्लंडमध्ये काढलेलं ते पहिलं शतक. मामा व्हिक्टर पास्कल डावखुरा फिरकी गोलंदाज. घरच्या मळ्यात खेळपट्टी होती, तिथे अख्खं कुटुंब खेळायचं आणि यष्टिरक्षण आई करायची. त्या माउलीचं यष्टिरक्षण चांगलं होतं असं लिअरीने पुढे आवर्जून सांगितलंय. मला या माणसाच्या सगळ्या गोष्टीत हे चित्र सर्वात आवडतं : संध्याकाळ, कोकोची झाडं, बाप गोलंदाजी करतोय, पोरगा खेळतोय आणि मागे आई वाकून उभी आहे.

पुढचं हळूहळू लिहितो. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

यमन_कल्याण

काय सामना आहे! वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आकडेमोड

धागा छान. पण मला वाटतं ते स्पष्टच लिहितो. एका सामन्यावर माणसाचं मोठेपण ठरत नाही. कॉन्स्टंटाईनची कसोटी कारकीर्द अशी आहे : १८ सामने, ६३५ धावा, सरासरी १९.२४, शतक एकही नाही. ५८ बळी, सरासरी ३०.१०. ज्या १९२८ च्या दौऱ्याचा उल्लेख केलात, त्याच दौऱ्यातल्या तीन कसोट्यांत त्याच्या धावा ८९ आणि बळी ५. तिन्ही कसोट्या वेस्ट इंडीज डावाने हरलं. त्याच काळात वेस्ट इंडीजचाच फलंदाज जॉर्ज हेडली २२ कसोट्यांत ६०.८३ च्या सरासरीने खेळला. महान कोणाला म्हणायचं याला काही मोजमाप हवं ना? सातव्या क्रमांकावर १९ ची सरासरी म्हणजे आजच्या भाषेत 'थोडीफार फलंदाजी येणारा गोलंदाज'.

कॉन्स्टंटाईनबद्दल आदर आहेच. पण तो आदर नेमका कशासाठी, हे कळून घ्यायचंय.

कव्हरपॉइंट

आकडेमोड, प्रश्न रास्त आहे आणि आकडे बरोबर आहेत. कसोटीतला फलंदाज म्हणून तो कमी पडला, हे मी मान्य करतो. बचाव हा त्याचा पिंडच नव्हता. मागे रेलून चांगल्या टप्प्याचा चेंडू मिडविकेटवरून फेकायचा, आडव्या बॅटने कट करायचा, यातून कसोटीत सरासरी वाढत नाही.

पण आकड्यांच्या त्या ओळीत एक रकाना तुम्ही सोडलात. १८ कसोट्यांत २८ झेल, आणि तेही गोलंदाजी करून दमल्यावर. १९२८ च्या त्याच दौऱ्यात सगळे प्रथम श्रेणी सामने धरले तर १३८१ धावा, १०७ बळी, ३३ झेल. वेस्ट इंडीजच्या कोणीही त्याआधी इंग्लंडच्या एका हंगामात हजार धावा आणि शंभर बळी असं केलं नव्हतं. आणि कसोटीत वेस्ट इंडीजने घेतलेला पहिलावहिला बळी त्याचाच आहे : लॉर्ड्स १९२८, चार्ली हॅलोज.

दुसरं म्हणजे १८ च कसोट्या का, हे बघायला हवं. पहिली कसोटी १९२८ साली, शेवटची १९३९ साली. मधली अकरा वर्षं कुठे गेली? १९३३ ला वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडमध्ये तीन कसोट्या खेळला तेव्हा कॉन्स्टंटाईन इंग्लंडमध्येच राहत होता. तरी खेळला फक्त एक, ओल्ड ट्रॅफर्डची. बाकी दोन वेळी त्याच्या मालकांनी त्याला सोडलं नाही. मालक म्हणजे लँकेशायरमधल्या नेल्सन नावाच्या गिरणगावाचा क्लब.

त्याची खरी कारकीर्द त्या गावात घडली, आणि तिचे आकडे कसोटीच्या पानावर सापडत नाहीत. माझं म्हणणं इतकंच आहे.

शिवाजीपार्ककर

कव्हरपॉइंट, मी आता पंचाहत्तरीत आहे. लहानपणी आमच्या चाळीत क्रिकेटचं जुनं मासिक यायचं, त्यात याचा फोटो पाहिलेला आठवतो. पूर्ण हवेत, आडवा, एक हात पुढे. तेव्हा नाव वाचता येत नव्हतं.

एक विचारायचंय. त्रिनिदादसारख्या क्रिकेटवेड्या बेटातला सगळ्यात मोठा खेळाडू स्वतःचा देश सोडून इंग्लंडच्या एका गिरणगावात नऊ-नऊ वर्षं का राहील? तिथे पोट भरत नव्हतं का?

कव्हरपॉइंट

काका, नेमकं तेच. पोट भरत नव्हतं आणि मानही मिळत नव्हता.

त्या काळच्या त्रिनिदादमध्ये क्लबसुद्धा रंगावरून ठरायचे. क्वीन्स पार्क हा गोऱ्यांचा आणि पैसेवाल्यांचा, मैदान त्यांचं, सत्ताही त्यांची. मेपल उजळ कातडीच्या मध्यमवर्गीयांचा. शॅनन काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा, म्हणजे शिक्षक, कारकून वगैरे. स्टिंगो त्याहून गरिबांचा. कॉन्स्टंटाईन शॅननचा. शॅननची पोरं असं क्षेत्ररक्षण करायची की जणू प्रत्येक धाव त्यांच्या घरातून चोरीला जातेय. त्यांना तिथे सिद्ध करून दाखवायला दुसरी जागाच नव्हती.

नोकरी म्हणाल तर तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. काळा मुलगा कितीही हुशार असला तरी त्या खुर्चीच्या वर सरकणार नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पुढे तेलकंपनीत लागला, तिथेही तेच. १९२३ ला इंग्लंडचा पहिला दौरा केला तेव्हा मुख्यतः कव्हरचा क्षेत्ररक्षक म्हणून नाव झालं. पण त्याने तिथे एक गोष्ट हेरली, की इथे क्रिकेट खेळून माणूस पगार घेऊ शकतो. परत आल्यावर त्याने ठरवून स्वतःला बदललं. जोरात गोलंदाजी करायला लागला, जवळचे झेल घेण्यासाठी कव्हरमधून स्लिपमध्ये सरकला. १९२८ च्या दौऱ्यावर तो आला तो नोकरी शोधायलाच. मिडलसेक्सचा तो सामना त्या डोळ्यांनी वाचा म्हणजे वेगळा दिसतो.

नेल्सनने १९२९ पासून करार केला. हंगामाला ५०० पौंड आणि वर प्रवास, बक्षिसं वेगळी.

मेघना_लँकेशायर

मी इथे क्वचित लिहिते, पण हा धागा माझ्या घरापासून वीस मिनिटांवरचा आहे म्हणून राहवलं नाही. आम्ही बर्नलीजवळ राहतो, मुलगा लँकेशायर लीगमधल्या एका क्लबच्या ज्युनियर संघात खेळतो.

नेल्सनमधली मेरेडिथ स्ट्रीट म्हणजे चढावरची एक साधी गल्ली. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून दगडी घरं, दार उघडलं की थेट फुटपाथ. त्यातल्या ३ नंबरच्या घरात कॉन्स्टंटाईन, पत्नी नोर्मा आणि मुलगी ग्लोरिया राहायचे. बाहेर निळी पाटी आहे. पाटी नसती तर पुढे निघून गेले असते इतकं साधं घर आहे.

लीग कशी चालते ते सांगते, कारण भारतात वाढलेल्यांना (मलाही) ते आधी कळत नाही. प्रत्येक क्लबला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता यायचा. बाकी दहा जण त्याच गावातले, गिरणीत, खाणीत, दुकानात काम करणारे. सामना शनिवारी दुपारी, एका दिवसात निकाल. गिरणी शनिवारी दुपारी सुटायची आणि तिथून माणसं तडक मैदानावर. व्यावसायिकाने पन्नास केले की मैदानाच्या कडेने पेटी फिरायची आणि लोक त्यात नाणी टाकायचे. म्हणजे तुमचा शनिवार वाईट गेला तर अख्खं गाव सोमवारी कामावर तेच बोलणार, आणि चांगला गेला तर तेही तुमच्या हातात लगेच मोजून.

आमच्या शेजारचे आजोबा नव्वदीच्या घरात होते, आता नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिल्यांदा सीडहिलला, म्हणजे नेल्सनच्या मैदानावर, खांद्यावर बसवून नेलं होतं. आजोबांना फटके आठवत नव्हते. आठवायचं ते हे, की गोलंदाजी संपवून तो स्लिपकडे चालायचा तेव्हाही लोक त्याच्याकडेच बघत असायचे, चेंडूकडे नाही.

पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं त्यांचं. गावात दुसरं काळं कुटुंब नव्हतं. पोरं खिडकीला नाक लावून आत बघायची. खाणीत काम करतोस का, साबणाने हे जात नाही का, असं विचारायची. निनावी पत्रं यायची. पहिल्या हंगामानंतर परत जावं असं लिअरीला वाटत होतं. करार पूर्ण करायचा, थांबायचं, हे नोर्माने लावून धरलं. मी इथे आले त्या वर्षी ही गोष्ट वाचली आणि तेव्हापासून माझ्यासाठी ती कॉन्स्टंटाईनची नाही, नोर्माची गोष्ट आहे. परक्या गावात शनिवारी नवऱ्याला टाळ्या मिळतात. बाकीचे सहा दिवस दुकानात, रस्त्यावर, शेजारणींसमोर ती असते.

यमन_कल्याण

मेघनाताई, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. धन्यवाद.

कव्हरपॉइंट

मेघना, हे मला सांगताच आलं नसतं. नेल्सनचे आकडे मी जोडतो : १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत नेल्सन सात वेळा विजेतं, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खाली एकदाही नाही. १९३४ ला ॲक्रिंग्टनविरुद्ध १० धावांत १० बळी. १९३७ ला ईस्ट लँकेशायरविरुद्ध नाबाद १९२. दर शनिवारी, दहा हौशी सोबत्यांना घेऊन, ओलसर खेळपट्ट्यांवर. आकडेमोड, याला कुठल्या रकान्यात टाकायचं सांगा.

१९३२ मध्ये त्याचा त्रिनिदादचा जुना मित्र सी. एल. आर. जेम्स त्याच घरात येऊन राहिला. पुढे जगभर वाचला गेलेला विचारवंत, पण तेव्हा हातात काही नसलेला तरुण. दोघांनी मिळून कॉन्स्टंटाईनचं पहिलं पुस्तक लिहिलं, आणि जेम्सचं स्वराज्यावरचं लिखाण छापायला पैसे कॉन्स्टंटाईनने दिले. शनिवारच्या पेटीतली नाणी कुठवर गेली बघा.

शिवाजीपार्ककर

लीगमध्ये आपलीही माणसं होती, ते सांगतो. तीसच्या दशकात शेजारच्या कोल्न क्लबचा व्यावसायिक आपला अमरसिंग होता, आणि नेल्सन-कोल्न म्हणजे तिकडचं हाडवैर. कॉन्स्टंटाईनने नेल्सन सोडल्यावर १९३८ ला त्याच्या जागी कोण गेलं? लाला अमरनाथ. आणि कॉन्स्टंटाईन स्वतः १९३४ मध्ये हैदराबादला मोइनुद्दौला सुवर्णचषक खेळून गेलाय, फ्रीलूटर्स संघाकडून.

शिवाजी पार्कच्या माणसाला सर्वात जवळचा धागा मात्र सुभाष गुप्ते. लँकेशायर लीगमध्ये रिश्टनला खेळला. १९५२-५३ च्या दौऱ्यात वेस्ट इंडीजमध्ये २७ बळी घेतले, आणि त्याच दौऱ्यात त्याला त्रिनिदादची कॅरल भेटली. लग्न केलं, पुढे तिथेच स्थायिक झाला, २००२ ला तिथेच गेला. कॉन्स्टंटाईन त्रिनिदादहून लँकेशायरला गेला, आमचा सुभाष दादरहून लँकेशायरमार्गे त्रिनिदादला. दोघांनाही आपल्या गावाने पुरतं सांभाळलं नाही. सुभाषची कारकीर्द कशी संपवली गेली त्याबद्दल आजही मला वाईट वाटतं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

मैदानी_सांगली

मी लहान मुलांना शिकवतो, त्यामुळे झेलांवर लिहितो. २८ झेल हा आकडा वाचणाऱ्याला लहान वाटेल. ब्रॅडमनने त्याला पाहिलेल्यांत सर्वोत्तम चौफेर क्षेत्ररक्षक म्हटलंय, आणि ब्रॅडमन उगाच कुणाला काही म्हणायचा नाही.

आमच्या मैदानावर एक जुना पन्हाळी पत्रा भिंतीला तिरका टेकवून ठेवलाय. मी चेंडू पत्र्यावर मारतो, तो कुठेही उडतो, पोरांनी पकडायचा. पहिल्या महिन्यात सगळी पोरं एकच चूक करतात. चेंडू दिसल्यावर हात 'घट्ट' करतात. बोटं ताठ होतात, चेंडू तळहाताच्या टाचेला लागून उडतो. जो पोरगा शेवटच्या क्षणापर्यंत मनगट सैल ठेवतो, त्याच्या हातात चेंडू आवाज न करता बसतो. तो आवाज, म्हणजे आवाज न येणं, मी डोळे मिटून ओळखतो. शंभरात एखादा असा असतो.

कॉन्स्टंटाईनबद्दल जे वाचलंय त्यात सगळे हेच सांगतात, की सांधे नसल्यासारखा माणूस. पळताना वाकायचा, उचलायचा आणि फेकायचा, या तीन क्रिया वेगळ्या दिसायच्याच नाहीत. गोलंदाजाच्या दृष्टीने अशा क्षेत्ररक्षकाची किंमत काय? कव्हरला तो असेल तर फलंदाज तिकडची एक धाव सोडून देतो. ती न घेतलेली धाव धावफलकात कुठेच लिहिली जात नाही. आकडेमोडसाहेब, तुमच्या रकान्यांबद्दल माझी तक्रार एवढीच.

आकडेमोड

मैदानी_सांगली, तक्रार मान्य. न घेतलेली धाव मोजता येत नाही, खरं आहे. मी आता १९३० आणि १९३५ च्या मालिकांची धावपत्रकं काढून बसलोय. कव्हरपॉइंट, जॉर्जटाऊनबद्दल लिहा. ते मी नीट पाहिलं नव्हतं.

कव्हरपॉइंट

फेब्रुवारी १९३०, ब्रिटिश गयानातलं जॉर्जटाऊन. वेस्ट इंडीजचा पहिला कसोटी विजय, २८९ धावांनी. हेडलीने दोन्ही डावांत शतकं काढली म्हणून तो सामना हेडलीचा म्हणून ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे. पण इंग्लंडचे वीस बळी कोणी तरी घ्यायला हवे होते. कॉन्स्टंटाईन : ३५ धावांत ४ आणि ८७ धावांत ५. म्हणजे वीसातले नऊ.

१९३३ ची ओल्ड ट्रॅफर्डची कसोटी वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची. आधल्या हिवाळ्यात कर्णधार जार्डीनच्या इंग्लंडने ऑस्ट्रेलियात बॉडीलाइन, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर येणारी उसळती गोलंदाजी, टाकली होती. इथे कॉन्स्टंटाईन आणि मार्टिनडेलने तीच जार्डीनला टाकली. जार्डीनने उभं राहून १२७ काढल्या, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण इंग्लंडच्या लोकांनी आपल्याच मैदानावर ती गोलंदाजी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

आणि १९३५. जानेवारीत पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी. कॉन्स्टंटाईन पहिल्या डावात ९०. शतकाच्या सर्वात जवळ तो इथेच आला, घरच्या लोकांसमोर. शेवटच्या डावात इंग्लंड सामना वाचवायला धडपडत होतं. शेवटचा गडी लेलँड. त्याला कॉन्स्टंटाईनने पायचीत केलं तेव्हा सामन्याचा फक्त एक चेंडू उरला होता. डावात ११ धावांत ३ बळी. तिथून मालिका फिरली आणि वेस्ट इंडीजने २-१ ने जिंकली, इंग्लंडविरुद्धची त्यांची पहिली मालिका.

त्याच मालिकेतली शेवटची कसोटी, किंग्स्टन. कर्णधार जॅक ग्रँटचा घोटा दुखावला आणि मैदान सोडताना त्याने संघ कॉन्स्टंटाईनच्या हाती दिला. वेस्ट इंडीजच्या संघाला कसोटीत मैदानावर काळ्या माणसाने चालवण्याची ही पहिली वेळ. घोटा मुरगळला म्हणून. एरवी कर्णधार गोराच असणार हा अलिखित नियम होता, मग तो संघातला दहावा खेळाडू का असेना. काळ्या खेळाडूला पूर्ण वेळ कर्णधारपद मिळायला १९६० आणि फ्रँक वॉरेल उजाडावा लागला.

पळवणीकर

कर्णधारपदाचं वाचून लिहितोय. हे वाचताना पुण्याच्या पळवणकर बाळूंची आठवण न येणं मला शक्य नाही. चर्मकार कुटुंबातला मुलगा, मैदान झाडायचा, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. हिंदू संघाचा सर्वात मोठा गोलंदाज. आणि हिंदू संघाचं कर्णधारपद? त्याला कधीच नाही. १९२३ ला धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला तेव्हा घराण्याकडे ते आलं.

तुलना करताना मी जपून करतो. जात आणि रंग एक नाहीत. पण 'तू बळी घे, निर्णय आम्ही घेऊ' हे वाक्य दोन्ही ठिकाणी तेच आहे. आमच्या घरात बाळूंचं नाव आजोबा हात जोडून घ्यायचे. त्रिनिदादमध्ये कॉन्स्टंटाईनचं नाव कुठलासा आजोबा तसंच घेत असेल.

कव्हरपॉइंट

पळवणीकर, अगदी. आणि यात अजून एक जोडतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट १९४५, लॉर्ड्स, डोमिनियन्स विरुद्ध इंग्लंड. संघात कीथ मिलर, मार्टिन डोनेली, कर्णधार लिंडसे हॅसेट. सामन्याच्या तोंडावर हॅसेट आजारी पडला. तेव्हा बाकीच्या खेळाडूंनी, जे सगळे गोरे होते, कर्णधार म्हणून कॉन्स्टंटाईनचं नाव घेतलं. वय जवळजवळ चव्वेचाळीस. मिलरने १८५ मारल्या, डोनेलीने १३३, आणि वेळ संपायला काही मिनिटं असताना ते ४५ धावांनी जिंकले. त्याचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना.

म्हणजे आयुष्यात दोनदा संघ हातात आला. एकदा कुणाचा घोटा दुखावला म्हणून, एकदा कुणी आजारी पडला म्हणून. दुसऱ्या वेळी निदान सोबत्यांनी निवडलं होतं.

वकिलीण

धागा क्रिकेटचा आहे, पण कॉन्स्टंटाईनला मी आधी कायद्याच्या पुस्तकात भेटले. एलएलबीच्या पहिल्या वर्षी, टॉर्ट्सच्या (दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याच्या) तासाला. 'कॉन्स्टंटाईन विरुद्ध इम्पिरियल हॉटेल्स', १९४४. तो क्रिकेटपटू होता हे मला त्यानंतर दहा वर्षांनी कळलं.

१९४३ चा उन्हाळा. युद्धकाळात कॉन्स्टंटाईन लिव्हरपूलला कामगार मंत्रालयात अधिकारी होता, वेस्ट इंडीजहून कारखान्यांत कामाला आलेल्या तरुणांची व्यवस्था त्याच्याकडे. लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला यायचं म्हणून रसेल स्क्वेअरच्या इम्पिरियल हॉटेलमध्ये पत्नी आणि मुलीसह चार रात्रींचं आरक्षण केलं. रंगाची अडचण येणार नाही ना, हे आधीच विचारून घेतलं होतं. पोचल्यावर सांगितलं गेलं, एकच रात्र राहा, कारण उतरलेल्या अमेरिकन गोऱ्या सैनिकांना चालणार नाही. तिथल्या व्यवस्थापिकेने अपशब्दही वापरले. त्याचे मंत्रालयातले वरिष्ठ आर्नोल्ड वॉटसन धावत आले, भांडले, उपयोग झाला नाही. शेवटी कुटुंब दुसऱ्या हॉटेलात गेलं.

त्याने दावा लावला. रंगभेदाविरुद्ध तेव्हा इंग्लंडमध्ये कायदाच नव्हता, हे लक्षात घ्या. वकिलांनी आधार घेतला तो शतकांपूर्वीच्या एका जुन्या तत्त्वाचा : प्रवाशांना उतरवून घेण्याचा धंदा करणाऱ्याने सबळ कारणाशिवाय कुणाला जागा नाकारायची नाही. न्यायमूर्ती बर्केट यांनी ते मान्य केलं. दुसरीकडे जागा मिळाली होती म्हणून पैशाचं नुकसान सिद्ध होण्यासारखं नव्हतं, पण हक्क डावलला गेला हीच दाद मागायला पुरेशी गोष्ट. भरपाई पाच गिनी. म्हणजे सव्वापाच पौंड.

वर्गात आम्हाला हे 'नुकसान नसतानाही हक्कभंग' या सूत्राचं उदाहरण म्हणून शिकवतात. पाच गिनी ऐकून मागच्या बाकावर कुणी तरी हसलं होतं. सरांनी खडू खाली ठेवला आणि फळ्यावर न लिहिता आपल्या राज्यघटनेचं कलम १५ (२) म्हणून दाखवलं : दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं... मग कुणी हसलं नाही. इंग्लंडमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा १९६५ ला आला आणि त्याखालच्या मंडळावर १९६६ ला नेमलेल्यांपैकी एक होता कॉन्स्टंटाईन.

आणि हो, तो स्वतःही १९५४ ला बॅरिस्टर झाला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. वकिलाच्या कचेरीतला तोच कारकून.

शिवाजीपार्ककर

वकिलीणबाई, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड

मी धावपत्रकं पूर्ण पाहिली. निष्कर्ष लिहितो. फलंदाजीबद्दलचं मत बदललेलं नाही, कसोटी फलंदाज म्हणून तो साधारण होता. गोलंदाजीबद्दल बदललंय. वेस्ट इंडीजच्या सुरुवातीच्या मोठ्या विजयांत, जॉर्जटाऊन आणि पोर्ट ऑफ स्पेन, निर्णायक बळी त्याचे आहेत. आणि ओव्हल १९३९, शेवटची कसोटी : ७५ धावांत ५ बळी आणि ७९ धावा. तेव्हा तो ३७ वर्षांचा. वेग कमी झालेला, टप्पा आणि वेग बदलत टाकत होता. त्या दौऱ्यात त्याचे प्रथम श्रेणीतले १०३ बळी आहेत. काही दिवसांत युद्ध सुरू झालं आणि उरलेला दौरा रद्द. पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने त्याला वर्षातल्या पाच खेळाडूंत निवडलं.

शेवटच्या कसोटीत कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी करणारे फार थोडे असतात. हे मला आधी माहीत नव्हतं. धाग्याबद्दल मनापासून आभार.

कव्हरपॉइंट

आभार तुमचे. तुम्ही प्रश्न विचारला नसता तर मी मिडलसेक्सवरच थांबलो असतो.

पुढचं थोडक्यात, कारण ते क्रिकेटच्या बाहेर जातं. १९५४ ला त्रिनिदादला परत गेला, १९५६ ला टुनापुनातून निवडून येऊन मंत्री झाला. १९६१ ते ६४ लंडनमध्ये त्रिनिदादचा उच्चायुक्त, १९६२ ला सर. १९६३ ला ब्रिस्टलच्या बसकंपनीत काळ्या माणसांना घेत नव्हते म्हणून तिथल्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, तेव्हा उच्चायुक्ताच्या पदावर बसून त्याने उघड बाजू घेतली. अशा पदावरची माणसं सहसा गप्प बसतात. त्याचं सरकार यावर खूश नव्हतं, आणि ते पद त्याला पुन्हा मिळालं नाही. ऑगस्टअखेरीस कंपनीने माघार घेतली. १९६९ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारा पहिला काळा सदस्य. १ जुलै १९७१ ला लंडनमध्ये गेला, दफन त्रिनिदादमध्ये अरूकाला. नोर्मा दोनच महिन्यांनी गेली.

लॉर्ड झालेल्या माणसाला आपल्या पदवीत गावाचं नाव घेता येतं. त्याने घेतलेली पदवी : बॅरन कॉन्स्टंटाईन, मरावल आणि नेल्सन. एक बालपणीचं गाव, आणि दुसरं ते, जिथे पोरं खिडकीला नाक लावून बघायची.

मेघना_लँकेशायर

हे शेवटचं वाचून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

येत्या शनिवारी मुलाचा सामना सीडहिललाच आहे. पाऊस नसेल तर जाताना मेरेडिथ स्ट्रीटवर थांबून पाटीचा आणि घराचा फोटो काढते, आणि मैदानाचाही. मैदानी_सांगली, तुमच्या पोरांसाठी कव्हरच्या जागेवरून काढू का?

मैदानी_सांगली

हो ताई, नक्की. आणि जमलं तर स्लिपमधूनही एक. पत्र्याशेजारी लावतो.